स्वतःशी मैत्री
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आपण इथे मैत्रीभावना करतो. आई-वडील, शेजारीपाजारी, इतकेच काय, वैऱ्याचेही कल्याण चिंतितो. मला एवढेच विचारायचे आहे की, या यादीत आपण स्वतः कुठे असतो?

पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी सिंहलद्वीपात ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ लिहिला. त्यात मैत्रीभावनेची सुरुवात स्वतःपासून सांगितली आहे. मग आदरणीय आणि प्रिय माणसे, मग ओळखीचे ना वैराचे असे लोक, आणि शेवटी वैरी. कारण सरळ आहे. मला सुख हवे, दुःख नको, हे स्वतःवरून कळले तरच दुसऱ्यालाही तसेच वाटत असणार हे उमगते.

आता आपल्या घरात काय चालते ते पाहा. बोर्डाचा निकाल लागतो, पोराला मार्क कमी पडतात. बाप दोन शब्द बोलून मोकळा होतो. पण पोरगं रात्रभर स्वतःला बोलत राहतं, ‘मी नालायक आहे, मी घराचं नाव घालवलं.’ पिढ्यान्‌पिढ्या जगाने आपल्याला ‘तुम्ही कमी आहात’ हेच ऐकवले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात आपल्याला धम्म दिला, माणूस म्हणून ताठ उभे केले. तरीही तो जुना आवाज कधी कधी आपल्याच तोंडून, आपल्याच विरुद्ध बोलतो. घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या डोक्यावर तर साऱ्या घराण्याचे ओझे असते.

संयुत्त निकायात दोन बाणांचा दृष्टांत आहे. दुःख आले, हा पहिला बाण. त्यावर आपण शोक करतो, छाती बडवून घेतो, तो दुसरा. नापास होणे हा पहिला बाण समजा. ‘मी नालायक’ हा दुसरा, आणि तो आपणच आपल्याला मारतो. पहिला नेहमी टाळता येत नाही. दुसरा टाळता येतो.

अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली बौद्ध विचारांच्या आधारे हाच विषय शास्त्रीय भाषेत मांडला. स्वतःविषयीच्या करुणेची त्यांनी तीन अंगे सांगितली : स्वतःशी मायेने वागणे, दुःख सर्वांच्याच वाट्याला येते हे ओळखणे, आणि मनात काय चालले आहे ते सजगपणे पाहणे. शेवटचे अंग म्हणजे आपली सती, स्मृती.

कोणी म्हणेल, ‘असे लाड केले तर पोरं आळशी होतील.’ त्यासाठी सोण भिक्षूची गोष्ट ऐका. चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त आले, तरी काही साधेना. त्याच्या मनात घरी परतण्याचा विचार आला. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला तिच्याविषयीच विचारले. तार फार ताणली तर वाजते का? फार सैल सोडली तर? दोन्हींना त्याने ‘नाही’ म्हटले. तसेच प्रयत्नांचे आहे, हे त्याला समजले. त्याने साधना सोडली नाही. ताण योग्य केला आणि पुढे तो अर्हत झाला.

आजकाल पैसे घेऊन ‘पर्सनल कोचिंग’ देणारे आहेत. चांगला कोच उपदेश कमी करतो, प्रश्न जास्त विचारतो. मात्र पाटी लावणारा प्रत्येक जण शिकलेला असतोच असे नाही. आणि रोजचा सराव तर घरीच, बिनपैशाचा होतो. मन स्वतःवर उलटले की थांबा, चार श्वास पाहा. काय वाटते त्याला नाव द्या; लाज, भीती, राग. मग जिवलग मैत्रिणीवर ही वेळ आली असती तर तिला काय म्हणाला असता, तेच स्वतःला म्हणा. शेवटी विचारा, उद्या सकाळी मी कोणते एक काम करू? हा शेवटचा प्रश्न विसरलात तर करुणेची नुसती कीव होते.

दोन गोष्टी बजावून सांगतो. होस्टेलात किंवा नोकरीत कोणी जातीवरून अपमान केला, तर ‘मन शांत ठेव’ म्हणून पोरांना गप्प बसवू नका. तिथे तक्रार करायची, संघटित व्हायचे. स्वतःला दोष न देणारा माणूसच ताठ मानेने लढतो. दुसरे, झोप-जेवण सुटले, जीव नकोसा वाटू लागला, तर ते काम कोचचे नाही, डॉक्टरांचे आहे. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेली मानस’ला १४४१६ वर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत. त्यात लाज कसली?

माता-पित्यांनो, मुलं आपल्याकडे पाहून स्वतःशी बोलायला शिकतात. येत्या निकालाच्या दिवशी मार्क विचारण्याआधी पोराला जवळ घ्या, जेवू घाला. बाकीचे बोलणे सकाळी करता येईल.

नमो बुद्धाय! जय भीम!