कंद आपला, काटा कोणाचा?

(तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



दिवाळीनंतर करांदे, कणगा, कोनफळं निघायला लागतात. आपल्या बाया विरार, नालासोपाऱ्याच्या स्टेशनाबाहेर वाटे लावून बसतात. आता एक व्यापारी पाड्यापाड्यावर फिरतोय. म्हणतो, माल दुबईला जाणार, गोणीने द्या, कागदावर अंगठा करा. त्याच्याविषयी बोलायला मी उभी आहे.

दुबई काही खोटी नाही. सुरण, अळकुड्या, रताळी आपल्या देशातून आखातात जातात, इंग्लंडलाही जातात. तिकडे गेलेली आपलीच माणसं ती खातात. न्हावाशेवा बंदरही इथून लांब नाही. पण बोटीत चढायच्या आधी कंदाला काय काय लागतं ते ऐका. माती चिकटलेली चालत नाही, मातीतून कीड जाते. सरकारी तपासणीचा दाखला लागतो. कुदळीचा घाव बसलेला कंद काही दिवस उबेत ठेवून साल धरू द्यावी लागते, नाहीतर वाटेत सडतो. आणि कोनफळाच्या जातीला थंडीही सोसत नाही, 12-13 अंशांच्या खाली गेलं की आतून बिघडतं. नायजेरिया देशात असले कंद जगात सगळ्यात जास्त पिकतात. 2017 साली तिथल्या सरकारने गाजावाजा करून 72 टन माल परदेशी धाडला. अमेरिकेत गेलेला माल खराब निघाला, अशा बातम्या आल्या. सरकारचं असं झालं, मग इथे गोणी सडली तर भरणार कोण? त्याचा कागद मी वाचलाय. ‘माल पसंत पडल्यावर पैसे’ असं लिहिलंय.

दुसरी गोष्ट. 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनउपज म्हणजे काय ते सांगताना मुळं आणि कंद हे शब्दच आहेत. कलम 3 प्रमाणे गोळा करायचा, विकायचा हक्क आपला, मालकी आपली. 2012 च्या नियमांत वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती देते. अभयारण्यही या कायद्यातून सुटलेलं नाही. पण सामूहिक दावा मंजूर नसेल तर? नाक्यावर गोणी पकडली की गुन्हा आपल्या बाईवर, व्यापारी नामानिराळा.

टोपलीवाली बाई कंद काढते, वेलाचं डोकं परत खड्ड्यात ठेवते, माती लोटते. गोणीवाल्याला एवढा वेळ कुठला? आपल्या म्हाताऱ्यांनी भुकेच्या दिवसांत कडूकंद राखेत उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून खाल्लाय. तो वेल दुबईच्या नावाने उपटायचा का?

परसातलं कोनफळ, सुरण खुशाल विका, पण आपल्या काट्यावर आणि रोख. जंगलातला कंद ग्रामसभेच्या ठरावाशिवाय गोणीत नाही जाणार, असं माझं म्हणणं आहे. ज्यांनी अंगठा केलाय त्यांनी घाबरू नका, तो कागद येत्या ग्रामसभेत घेऊन या. आणि दाव्याची पोच ज्यांच्याकडे आहे त्यांनी तीही आणा.