मूलपेशी आणि पृष्ठभागाची घडण



बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना पृष्ठभागाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. औषधनिर्मितीचे पोलादी भांडे आतून आरशासारखे गुळगुळीत ठेवावे लागते. बारीक ओरखडा राहिला तरी जीवाणूंना तेथे आसरा मिळतो. उलट रंग वा गिलावा धरावयाचा असेल, तर पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत करतात. पालघरच्या पाड्यांवरही वारली चित्राआधी कुडाची भिंत शेणामातीने सारवून घेतली जाते. कशाला काय चिकटेल, हा कारागिराचा जुनाच प्रश्न गेल्या काही दशकांत जीवशास्त्राच्या केंद्रस्थानी आला आहे.

प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत अशा मूलपेशी असतात, की ज्यांच्यापासून हाड, कूर्चा किंवा चरबी यांच्या पेशी बनू शकतात. त्यांनी कोणती वाट धरावी, हे रासायनिक संदेशांनी ठरते, अशी दीर्घकाळ समजूत होती. प्रयोगशाळेतही त्यांचे हाड बनवावयाचे, तर विशिष्ट औषधी द्रव्ये घालावी लागत. पुढे २००४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले, की ऐसपैस पसरू दिलेली मूलपेशी हाडाकडे झुकते, तर आकसून गोल राहिलेली चरबीकडे. २००६ मध्ये आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. आधाराचा पृष्ठभाग मेंदूसारखा मऊ असेल, तर पेशी मज्जापेशींसारखे गुण दाखविते. स्नायूइतका ताठ असेल, तर स्नायूचे आणि त्याहून कठीण असेल, तर हाडाचे.

सर्वांत लक्षवेधी प्रयोग २००७ मध्ये ग्लासगोचे मॅथ्यू डॅल्बी व साउदॅम्प्टनचे रिचर्ड ओरेफो यांच्या गटांनी प्रसिद्ध केला. त्यांनी प्लास्टिकच्या पृष्ठभागावर १२० नॅनोमीटर व्यासाचे आणि १०० नॅनोमीटर खोलीचे खळगे उठविले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हे खळगे काटेकोर चौकटीत मांडले, तेव्हा हाड फारसे तयार झाले नाही. पूर्ण विस्कळीत मांडले, तेव्हाही नाही. परंतु प्रत्येक खळगा आपल्या जागेपासून जास्तीत जास्त ५० नॅनोमीटरने सरकविला, तेव्हा कोणतेही औषधी द्रव्य न घालता मूलपेशींनी हाडाचे खनिज निर्माण केले. २०११ मध्ये याच परंपरेतील प्रयोगात दिसले, की काटेकोर चौकटीवर मूलपेशी आठ आठवडे आपले मूळ स्वरूप राखून राहतात. म्हणजे अतिसूक्ष्म अव्यवस्थेलाही अर्थ असतो.

हे घडते कसे? पेशीच्या आवरणावर इंटेग्रिन नावाची प्रथिने असतात. ती पेशीचे जणू हात होत. ती पुरेशी जवळजवळ आली, की त्यांची घट्ट पकड तयार होते. आधारबिंदूंमधील अंतर सुमारे ७० नॅनोमीटरच्या पुढे गेले, की ती जमत नाही. पकड बसली, की आतील ॲक्टिनचे तंतू ताणले जातात, हा ताण केंद्रकापर्यंत पोचतो आणि कोणती जनुके जागी व्हावीत, हे बदलते. ‘खाण तशी माती’ असे आपण म्हणतो. येथे मातीही खाणीला घडविते.

याचा सामान्य माणसाशी संबंध काय? मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील अपघातात मोडलेली हाडे, वार्धक्यात झिजलेले सांधे, यांना धातूचा आधार द्यावा लागतो. तो हाडाशी एकजीव झाला नाही, तर सैल होतो आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. गरीब कुटुंबाला ती दुसरी शस्त्रक्रिया कर्जात लोटते. टायटॅनियम हाडाशी जुळते, हे स्वीडनचे ब्रानेमार्क यांनी १९५० च्या दशकात पाहिले. आता त्याच धातूवर नॅनोनळ्या उगवून पेशींची पकड सुधारण्याचे प्रयत्न चालू आहेत. महाराष्ट्रातही या विद्येचा पाया आहे. पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरातील संशोधकांना पेशी पुरविते. पवईच्या आयआयटीत जयेश बेल्लारे यांच्या गटाने कार्बन नॅनोनळ्या मिसळलेल्या पोकळ तंतूंवर यकृतपेशी वाढविण्याचे काम केले आहे.

तथापि उत्साहाला विवेकाची जोड हवी. काचेच्या बशीतले यश म्हणजे शरीरातले यश नव्हे. शरीरात गेलेल्या धातूवर प्रथम रक्तातील प्रथिनांचा थर बसतो, संसर्गाचा धोका असतो आणि सांध्यावर रोज भार पडतो. याच कुतूहलाचा गैरफायदा घेऊन ‘मूलपेशी उपचारा’ची दुकाने थाटली जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तविकारांसारख्या आजारांतील रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता असे उपचार केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतात आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. कोणी लाखो रुपये मागितले, तर आधी चाचणीची नोंदणी विचारावी.

धातू घासणे, मापणे व तपासणे ही बोईसरच्या कारागिराची रोजची विद्या आहे. मायक्रॉनची अचूकता ओळखणाऱ्या हातांना नॅनोमीटरची भाषा परकी वाटावयास नको. येथील तरुणांनी अभियांत्रिकीबरोबर जीवशास्त्राकडेही वळावे, एवढेच या विषयाचे मागणे आहे.