परवानगी कोणाची?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



लाचखोरीचा विषय निघाला की चर्चा बहुधा माणसांच्या नीतिमत्तेवर येऊन थांबते. परंतु भ्रष्ट अधिकाऱ्याला न्यायालयासमोर उभे करण्याची किल्ली कोणाच्या हाती आहे, हा त्याहून मूलभूत प्रश्न आहे.

सरकारखेरीज ज्याला पदावरून कोणी दूर करू शकत नाही, अशा लोकसेवकावर कर्तव्याच्या संदर्भातील कृत्याबद्दल खटला भरावयाचा तर सरकारचीच पूर्वमंजुरी हवी, असे 1898 च्या फौजदारी संहितेचे कलम 197 सांगत होते. परक्या राज्यकर्त्यांना ही तरतूद सोयीचीच होती. पण स्वतंत्र भारताने 1973 च्या संहितेतही ती त्याच क्रमांकाने जपली. 2023 च्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम 218 म्हणून उतरली. 120 दिवसांत निर्णय न झाल्यास मंजुरी मिळाल्याचे मानावे, एवढी सुधारणा मात्र झाली.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली घातलेले कलम 17अ अधिक बोलके आहे. लाच घेताना जागीच पकडलेल्यासाठी पूर्वसंमती नको. मात्र अधिकारपदावरून घेतलेल्या निर्णयाच्या तपासाला ती हवी. म्हणजे शंभर रुपये घेणारा हवालदार सापळ्यात सापडणार आणि कोट्यवधींच्या फायलीवर सही करणाऱ्याच्या तपासाआधी सरकारची संमती लागणार!

प्रामाणिक अधिकाऱ्यास खोट्या खटल्यापासून संरक्षण हवे, हा युक्तिवाद पोकळ नाही. पण ते संरक्षण न्यायालयाने द्यावे. आरोपीच्याच घरच्यांनी नव्हे.

पोलिसांची कथा वेगळी नाही. जनता सरकारने 1977 साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाचे आठ अहवाल बासनात गेले. निवृत्त पोलीस अधिकारी प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली राज्य व जिल्हा पातळीवर तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचा आणि त्यांच्या शिफारशी बंधनकारक मानण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने त्यासाठी पोलीस कायद्यात दुरुस्ती केली ती 2014 साली. जाब देण्याची वेळ आली की शासनाची पावले अशी जड होतात.

म्हणून कार्यकर्त्याचे काम ठाण्याच्या पायरीपासून सुरू होते. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवलीच पाहिजे, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा निर्णय आहे. तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळाली पाहिजे. खटल्याची मंजुरी केव्हा मागितली आणि कोणत्या टेबलावर अडली, हे माहितीच्या अधिकारात विचारावे व गावच्या सभेत वाचून दाखवावे. मंजुरीचा अधिकार सरकारकडून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे देण्याची मागणी अशा शंभर सभांतूनच बळ धरील.