उखडलेल्यांची शिदोरी

१३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलविली. तेव्हा सक्तीने आलेल्या माणसांबरोबरच नान-कलिया व हिमरूचा माग आपल्याकडे आला, असे परंपरा सांगते. चिकलठाण्यास पाहुणा उतरला की आपण हेच कौतुकाने पुढे करतो. त्यामागचा वनवास मात्र विसरतो.

१९४८ साली सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी बेघर झाले. सुमाक, कांदा व कोंबडी घातलेली रोटी आणि ‘तत्रीज’ हे भरतकाम त्यांनी परमुलखातही जपले. झग्यावरील नक्षीवरून पूर्वी बाईचे गाव ओळखू येई. छावणीत जन्मलेल्या नातीने ते गाव पाहिलेले नसते. टाका मात्र तिला येतो. म्हणून अशा पंगतीत बसल्यावर आपण नुसती चवीची वाहवा करून उठू नये. वाढणाऱ्या हाताला त्याचे गाव विचारावे.