मांद्र्याचे भाऊ, पणजीची शाळा



डॉ. भाऊ दाजी लाड आपल्या पेडण्यातल्या मांद्र्याचे, हे इथं सांगायला नको. अजिंठ्याच्या शिलालेखांचे अभ्यासक, मुंबईचे दोनदा झालेले शेरीफ, राणीच्या बागेतल्या संग्रहालयाला ज्यांचं नाव आहे ते भाऊ. आज हे सारं बाजूला ठेवतो. मला बोलायचं आहे ते महारोगावर औषध शोधणाऱ्या भाऊंबद्दल.

पणजीतली वैद्यकीय शाळा १८४२ची, मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५चं. म्हणजे गोवा तीन वर्षं पुढं होता! पण पणजीत शिकवत पोर्तुगीजमधून. आपला मुलूख नव्या काबिजादीतला. पेडणं पोर्तुगीजांकडे गेलं १७८८मध्ये आणि इथल्या घरांतलं लिहिणं-वाचणं मराठीत. अशा घरातल्या मुलाला पणजीपेक्षा मुंबईच जवळची. भाऊंचं कुटुंब तर ही शाळा निघण्याआधीच मुंबईला गेलं होतं. ग्रँट कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून ते डॉक्टर झाले.

जुन्या ग्रंथांत सांगितलेली औषधं खरोखर गुण देतात का, हे रोग्यावर पाहून ठरवायचं, ही त्यांची रीत. महारोगावर त्यांनी जे औषध वापरलं ते कडू कवठाच्या बियांचं तेल. हे झाड सह्याद्रीच्या ओल्या रानात, ओहोळाकाठी वाढतं. आपल्याकडे त्याला खष्ट म्हणतात. पण खात्री पटेपर्यंत नाव सांगायचं नाही, असं भाऊंनी ठरवलं. त्यावर टीका झाली. १८७३मध्ये नॉर्वेत हान्सेनना या रोगाचे जंतू दिसले आणि १८७४च्या मे महिन्यात भाऊ गेले. औषध कोणतं, हे लोकांना कळलं ते त्यानंतर.

भाऊंच्या सचोटीबद्दल मला तिळभर शंका नाही. अर्धवट पुराव्यावर बोलायचं नाही, हा त्यांचा कटाक्ष मी समजू शकतो. तरीही मला वाटतं, हे गुपित राखणं चुकलं. दुसऱ्या डॉक्टरांनी तेच तेल देऊन पाहिलं असतं, तर खात्री लवकर झाली असती. या झाडाच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या तेलावरच जगभरचे महारोगी १९४०च्या दशकात सल्फोन औषधं येईपर्यंत अवलंबून होते. भाऊंचा कयास किती बरोबर होता, बघा! त्यांची टिपणं पुढं नेणारी संस्था मात्र त्यांच्या मागं नव्हती.

तशी संस्था पणजीत होती, तिथली वैद्यकीय शाळा. बाणावलीत १८८७मध्ये जन्मलेले डॉ. फ्रोइलानो द मेलो त्याच शाळेत शिकले, तिथंच प्राध्यापक झाले आणि पुढं तिचे संचालक. त्यांचा विषय सूक्ष्म परजीवी. संचालकपद म्हणजे सह्या आणि समारंभ, असं त्यांनी मानलं नाही. शोधनिबंध लिहीत राहिले आणि ते छापत राहिले. १९३४मध्ये त्यांनी सासष्टीत माकाझनला महारोग्यांसाठी इस्पितळ उभं केलं. १९४५मध्ये पोर्तुगालच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी म्हणून गेले. शेवटी ब्राझीलला स्थायिक झाले आणि १९५५मध्ये साओ पावलोत वारले.

इकडे माकाझनचं इस्पितळ रोग्यांना घेतच होतं आणि पणजीच्या शाळेचं १९६३मध्ये गोवा मेडिकल कॉलेज झालं.