गाण्याला दाद, राहायला खोली नाही



बडोद्यात सूरसागर तलावावरून जाता-येता संगीत महाविद्यालयातले सूर आपल्या कानावर पडतात. या संस्थेचं मूळ १८८६ सालच्या गायनशाळेत आहे. सयाजीराव महाराजांनी ती काढली आणि उस्ताद मौलाबक्षांच्या हाती दिली. राजा मराठी, प्रजा बहुतेक गुजराती, उस्ताद उत्तरेकडचे मुसलमान आणि तेही कर्नाटक संगीत शिकून आलेले! त्यांनी स्वरलिपी बसवली, गाणं कागदावर आणलं. त्यांचा नातू इनायत खाँ १९१० मध्ये अमेरिकेला गेला आणि सूफी विचार त्याने पश्चिमेत नेला. पुढे दरबारात फैयाज खाँ आले. खाँसाहेबांनी काफीत नंदकुमाराला वंदन करावं आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलवाव्यात, यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

पण गाण्याला दाद द्यायला काही खर्च येत नाही. माणूस राहायला आला की खरी पंचाईत होते.

महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये इथे नोकरीला आले. पदवी होती, हुद्दा होता, खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते पारशांच्या उतारघरात राहिले. बिंग फुटताच लाठ्या घेतलेली माणसं दारात आली. बाबासाहेबांनी दोन मित्रांना विचारून पाहिलं. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारावं लागेल. बोलणं किती सभ्य! शिवी नाही, आवाज चढलेला नाही. कमाटीबागेत वेळ काढून बाबासाहेबांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली.

महाराजांनी अंत्यजांसाठी शाळा काढल्या, १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. हुकमाने शाळा निघते. शेजाऱ्याचं दार हुकमाने उघडत नाही. आणि दाद तरी किती टिकते? फैयाज खाँसाहेबांची कबर याच शहरात आहे. २००२ च्या दंगलीत तिची नासधूस झाली.

आजही खोली बघायला आलेल्याला आधी आडनाव विचारतात, मग घरात काय शिजतं ते. आपली मराठी घरंही यात मागे नाहीत. वर कारण ठरलेलं, ‘आमचं काही नाही हो, सोसायटीला चालत नाही.’ असं कानावर आलं तर सेक्रेटरींकडे तो नियम लेखी मागून बघा. बहुतेक वेळा तसा कागद निघतच नाही.