वाऱ्यावरील वीज आणि वर्गातील सत्य
(तालुक्यातील विज्ञान-शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेत करता येण्याजोग्या वाऱ्यावरील वीजयंत्राविषयी दोन शब्द सांगावेत, अशी आज्ञा मला झाली आहे. यंत्र कसे करावे हे मी सांगणारच आहे. परंतु त्यापूर्वी एक कबुली देणे मी माझे कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी एका विज्ञान-प्रदर्शनासाठी माझ्या विद्यार्थ्यांनी असेच एक पवनचक्र तयार केले होते. समोर टेबलावरचा पंखा लावला की चक्र झपाट्याने फिरे आणि मापकावर चार व्होल्ट दिसत. मुले आनंदाने नाचू लागली. विजेरीचा अडीच व्होल्टचा दिवा आम्ही तारांना जोडला. पण तो पेटला नाही. मापकाचा काटाही खाली आला. पाहुणे येण्यास अर्धा तास उरला होता. मी काय केले असेल? फळीखाली दोन सेल लपविले आणि दिवा त्यांना जोडून दिला. प्रदर्शन उत्तम पार पडले. सायंकाळी आवराआवर करताना सातवीतील एक मुलगी मला म्हणाली, "गुरुजी, पंखा बंद केला, चक्र थांबले, तरी दिवा जळतोच आहे." त्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते. सेल लपविण्याचा दोष तर माझा होताच; पण त्याच्याही मुळाशी माझे अज्ञान होते. चार व्होल्ट असूनही दिवा का पेटत नाही, हे मलाच कळलेले नव्हते. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे आपण समजावे.

प्रथम यंत्राची रचना पाहू. आपल्या मुलांना जत्रेतील भिरभिरे ठाऊक असते; त्याचेच हे मोठे भावंड. सहा इंच व्यासाचा प्लॅस्टिकचा पाण्याचा पाइप सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर लांबीचा कापून त्याच्या उभ्या चार फाका कराव्यात. त्यांपैकी तीन फाका म्हणजे आपली तीन पाती. पाते बुडाशी रुंद व टोकाशी निमुळते करावे. जी कड पुढे राहून वारा कापते ती गोलसर घासावी व मागची कड पातळ करावी. तिन्ही पाती एका जाड चकतीवर सारख्या अंतराने नटबोल्टने पक्की बसवावीत आणि त्यांचे वजन समान आहे याची खात्री करून घ्यावी. अन्यथा चक्र थरथरते. चक्राचा व्यास सुमारे एक मीटर होईल. ही चकती स्थिर चुंबकाच्या डी.सी. मोटरीच्या आसावर बसवावयाची. अशी मोटर भंगारवाल्याकडे मिळते. मात्र एवढ्या चक्राचा भार तिचा आस पेलेल इतकी ती दणकट असावी. मागे तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे शेपूट जोडले व सर्व सांगाडा खांबावर मोकळा फिरेल असा बसविला, की वारा जिकडून येईल तिकडे चक्र आपण होऊन तोंड करते.

मोटरीला वीज दिली तर ती फिरते. मग तिला फिरविले तर वीज मिळते काय? मिळते. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले, की तारेच्या गुंडाळीजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले म्हणजे त्या तारेत विद्युतदाब उत्पन्न होतो. मोटरीत चुंबक आहे, गुंडाळी आहे. फिरविण्याचे काम वारा करतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. या यंत्रातील विद्युतदाबाविषयी तीन गोष्टी ध्यानात घ्यावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट अशी, की दाब हा फेऱ्यांच्या प्रमाणात असतो. समजा, मोटरीवर २४ व्होल्ट व मिनिटास २४०० फेरे असे लिहिलेले आहे. तर ढोबळ मानाने शंभर फेऱ्यांस एक व्होल्ट, हा तिचा भाव झाला. आपले एक मीटरचे चक्र सेकंदास पाच मीटर वेगाच्या वाऱ्यात मिनिटास सुमारे चारशे फेरे करील. म्हणजे चार व्होल्ट मिळतील, चोवीस नव्हेत. मोटरीवर छापलेला आकडा हा आपला हक्क नसून ती एका विशिष्ट वेगाची अट आहे. म्हणून मोटर निवडताना थोड्या फेऱ्यांत अधिक व्होल्ट देणारी निवडावी.

दुसरी गोष्ट हीच माझ्या त्या न पेटलेल्या दिव्याचे रहस्य आहे. काहीही न जोडता मोजलेला दाब वेगळा आणि दिवा जोडल्यानंतरचा दाब वेगळा. गावातील उंच टाकीचे उदाहरण घ्या. नळ बंद असताना पाइपात पाण्याचा पूर्ण दाब असतो. पण पाइप अरुंद असेल आणि तोटी पूर्ण उघडली, तर पाइपातच दाब खर्ची पडून तोटीशी पाणी मंदपणे येते. मोटरीच्या गुंडाळीलाही स्वतःचा रोध असतो. समजा, तो आठ ओहम आहे आणि दिव्याचाही सुमारे आठ ओहम आहे. चार व्होल्ट भागिले सोळा ओहम, म्हणजे पाव ॲम्पिअर धारा वाहील. त्यांतील दोन व्होल्ट मोटरीच्या आतच खर्च होतील आणि दिव्याच्या वाट्याला दोनच येतील. एवढ्यावर भागत नाही. धारा वाहू लागली की चक्र जड होते व मंदावते. फेरे निम्मे झाले तर मूळचे चार व्होल्टही दोन होतात आणि दिव्याला मिळतो केवळ एक. मग तो अंधारात बसून राहिला यात नवल ते काय?

चक्र जड होते ही गोष्ट केवळ सांगू नका. मुलांच्या हाताला ती जाणवू द्या. पाती काढून ठेवा, मोटरीच्या दोन तारा सुट्या ठेवा आणि आस बोटांनी फिरवावयास सांगा. तो हलका फिरेल. मग त्याच दोन तारा एकमेकींस जोडा व पुन्हा फिरवावयास सांगा. आस एकदम जड लागेल. वीज फुकट मिळत नाही, कोणाला तरी तिच्यासाठी जोर लावावा लागतो, हा सिद्धान्त त्या क्षणी बोटांतून बुद्धीत उतरतो.

यावर उपाय काय? विजेरीच्या दिव्याऐवजी एक पांढरा एल.ई.डी. दिवा घ्या व त्याच्यासोबत २२० ओहमचा रोधक एकसरीत जोडा. या दिव्याला सुमारे तीन व्होल्ट दाब लागतो खरा, परंतु धारा ॲम्पिअरच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतकी अल्प पुरते. इतक्या अल्प धारेमुळे मोटरीतील दाबाची घट नगण्य राहते, चक्र मंदावत नाही आणि दिवा उजळतो. मात्र त्याचे धन व ऋण टोक उलटे जोडू नये. त्या दिवशी सेल लपविण्याची काहीच आवश्यकता नव्हती. योग्य भार निवडण्याची होती.

तिसरी गोष्ट बॅटरीची. बारा व्होल्टच्या बॅटरीत वीज भरावयाची तर यंत्राचा दाब बॅटरीच्या दाबाहून अधिक असला पाहिजे. चार व्होल्टचे यंत्र दिवसभर फिरले तरी तिच्यात कणभरही भर पडणार नाही. उलट, वारा पडला की बॅटरीच मोटरीला वीज देऊ लागेल आणि आपले पवनचक्र पंखा होऊन बसेल. हे टाळण्यासाठी मध्ये डायोड बसवितात. डायोड म्हणजे विहिरीच्या पंपाच्या पाइपातील झडप; तो धारेला पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. या राखणदारीची मजुरी म्हणून साधा डायोड सुमारे ०.७ व्होल्ट स्वतः घेतो, हेही हिशेबात धरावे.

दाबाविषयी इतके पुरे. आता शक्तीचा विचार करू. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की शक्ती एक-अष्टमांश उरते. आपल्याकडील उंचीवर व उष्ण हवेत एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१ किलोग्रॅम भरते. त्यावरून हिशेब केला, तर सेकंदास पाच मीटर वेगाच्या वाऱ्यात आपल्या चक्रासमोरून सुमारे ५४ वॅट शक्ती वाहते. अडीच मीटर वेगास ती सातहूनही कमी होते. त्यांतीलही सर्व हाती येत नाही. जर्मन शास्त्रज्ञ बेट्झ यांनी दाखविल्याप्रमाणे कोणत्याही चक्राला त्यातील ५९ टक्क्यांहून थोडी अधिक, एवढीच शक्ती घेता येते. घरगुती यंत्राच्या हाती एक-पंचमांश लागली तरी समाधान मानावे.

आपल्या शेतकऱ्याला हे वाऱ्याचे लहरीपण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. खळ्यावर उफणणी करताना वारा पडला की तो सूप खाली ठेवून वाट पाहतो. १९८६ साली देशातील पहिले पवनऊर्जा प्रकल्प उभे राहिले ते समुद्रकिनाऱ्यावर. त्यांपैकी एक आपल्या राज्यात, कोकणच्या किनाऱ्यावर होता. पुढे साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. किनारा आणि घाटमाथा ही वाऱ्याची माहेरघरे आहेत. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या आरंभी वारा जोर धरतो, पण तो वर्षभर टिकत नाही. म्हणून या यंत्राने शाळेचे वीजबिल कमी होईल, असे पालकांना सांगू नये. हे यंत्र वीज पुरविण्यासाठी नाही, वीज समजण्यासाठी आहे.

आणि समजण्याचे मोल थोडे नाही. डेन्मार्कमधील आस्कोव्ह या खेड्यात पोल ला कूर नावाचे एक शिक्षक होते. त्यांनी १८९१ साली शाळेच्या आवारात वाऱ्यावर वीज करण्याचे प्रयोग आरंभिले आणि पुढे खेड्यांतील तरुणांसाठी त्या विद्येचे वर्ग चालविले. १९०४ मधील त्यांचा एक विद्यार्थी योहानेस यूल याने १९५७ साली गेड्सर येथे २०० किलोवॅटचे तीन पात्यांचे यंत्र उभे केले. पुढील काळातील अनेक मोठ्या पवनचक्क्यांना ते आदर्श ठरले. वर्गात पेरलेले बी अर्धशतकाने असे उगवले.

आपल्यालाही ही परंपरा परकी नाही. वर्धा नदीपलीकडे, १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण हा विचार राष्ट्रापुढे ठेवला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापून काम करता करता विज्ञान शिकण्याची वाट दाखविली. हाताने केलेल्या वस्तूत एक गुण असतो: ती खोटे बोलत नाही. दिवा पेटला नाही, तर काहीतरी आपल्याला समजलेले नाही, एवढेच ती सांगते.

काही सावधगिरीच्या सूचना. चक्र मुलांच्या डोक्याहून पुष्कळ उंचावर बसवावे; पात्याचे टोक दुचाकीच्या वेगाने फिरते. खांब वीजवाहक तारांपासून दूर असावा. वादळाची चिन्हे दिसताच चक्र उतरवून ठेवावे. हे यंत्र घरच्या वा शाळेच्या वीजजोडणीस कदापि जोडू नये. तेजाबाची बॅटरी मुलांच्या हाती देऊ नये.

वर्गासाठी एक नोंदवही ठेवावी. तीत रोज एका ठरावीक वेळी चार रकाने भरावेत: वाऱ्याचा अंदाज, मिनिटातील फेरे, भार नसतानाचा दाब आणि भार असतानाचा दाब. फेरे मोजणे सोपे जावे म्हणून एका पात्याच्या टोकाला रंग द्यावा; चक्र फार वेगात असेल तर भ्रमणध्वनीवर त्याचे मंदगती चित्रण करून मोजावे. ज्या दिवशी वारा नसेल त्या दिवशी शून्य लिहावे. शून्य ही देखील नोंद आहे. ती खोडू नये आणि ती लिहिणाऱ्या मुलाला उणे लेखू नये.

बंधुभगिनींनो, आपल्या शाळांत साधने थोडी आहेत हे मी जाणतो. पण लपविलेल्या सेलने पेटलेल्या दिव्यापेक्षा, न पेटलेल्या दिव्यासमोर मुलांसह बसून "का बरे?" असे विचारणारा शिक्षक हे शाळेचे मोठे साधन आहे. त्या मुलीच्या प्रश्नापुढे मी त्या दिवशी मान खाली घातली. आपल्यापैकी कोणावर तशी वेळ येऊ नये, आणि आलीच, तर फळी उचलून मुलांना खरे काय ते दाखविण्याचे धैर्य आपल्याला लाभो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.